उजवीकडून दुसरी पाकळी

त्या दुपारी हौदातून काढलेल्या वीस शेवंडींपैकी चौघींना उजवीकडून दुसरी पाकळी नव्हती.

चौथी हाताला लागली तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या मापवालीने तिला उलटी केली, सुलटी केली, खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं. शेवंड लांब मिशा हलवत शेपटी आपटत होती, करकर आवाज काढत होती. तिची तक्रार पाण्याबाहेर काढल्याबद्दल होती, पाकळीबद्दल नव्हे. शेवंडीच्या शेपटीला टोकाशी पंखा असतो आणि पंख्याला पाच पाकळ्या. मधली एक, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. समुद्रात पाकळ्या जातातच. खेकडा ओढतो, मासा तोडतो, पिंजऱ्याच्या तारेत अडकून फाटते. पण खेकड्याला डावं-उजवं कळत नाही. महिन्याभरात अकरा पाकळ्या गेल्या होत्या, अकराही एकाच जागच्या. मापवाली कॉलेजात दोन वर्षं विज्ञान शिकली होती, वडील आजारी पडले म्हणून पुढचं राहिलं. पण एवढं कळायला ती दोन वर्षंही लागत नव्हती.

कारण खाच असते ती त्याच पाकळीत.

दोन सुळक्यांच्या मधल्या पाण्याला धक्क्यावर सगळे ‘आतलं पाणी’ म्हणत. तिथे तेवीस लहान होड्यांनीच पिंजरे टाकायचे, मोठ्या बोटींनी बाहेर राहायचं, असा सरकारी कागद होता. आणि त्या कागदाच्या पोटात धक्क्याचा स्वतःचा नियम होता. अंडी धरलेली मादी पिंजऱ्यात आली तर ती विकायची नाही. तिला सगळे लेकुरवाळी म्हणत. लेकुरवाळीला बादलीत घालून मापवालीकडे आणायचं. मापवाली तिची लांबी मोजणार, उजवीकडून दुसऱ्या पाकळीत कात्रीने तिकोनी खाच पाडणार आणि संध्याकाळी सोसायटीच्या डोंगीतून स्वतः नेऊन खडकांपाशी सोडणार. पुढे ती खाचवाली कोणाच्याही पिंजऱ्यात येवो, अंडी असोत की नसोत, परत पाण्यात. एकदा लेकुरवाळी ठरली की ती बाजारातून कायमची सुटली.

हा नियम दादाचा. मापवालीच्या थोरल्या भावाचा. नऊ वर्षांपूर्वी, पिंजऱ्यांतून नुसतं शेवाळ वर येत होतं तेव्हा, दादा बहिणीला बरोबर घेऊन घरोघरी फिरला होता. कोणी हसलं, कोणी दार लावून घेतलं. एकाने तर विचारलं, “शेवंडीचं बाळंतपण आता आम्ही करायचं का?” दादा म्हणाला, “तू नको करू. तू फक्त आडवा येऊ नको.” पहिली खाच त्यानेच पाडली, भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर. मापवालीच्या वहीत ती एक नंबरला होती. आता वही सातवी चालू होती, आणि दादा नऊ वर्षं सोसायटीचा अध्यक्ष.

वहीत प्रत्येक लेकुरवाळीपुढे होडीचा रंग लिहायचा असे. पिंजऱ्यांवर तरंगणाऱ्या बोयांना ज्याचा त्याचा रंग, आणि रंग म्हणजेच आतल्या पाण्यातला हक्क. बादली पुढे आली की मापवाली मान वर न करता विचारायची, “रंग?” समोरचा म्हणायचा, “हिरवा-पांढरा,” नाहीतर “निळा.” फक्त दादाला तिने कधी विचारलं नव्हतं. त्याची पावलं वाजली की तिच्या पेनातून ‘लाल’ उतरलेलं असायचं.

म्हणून ती आधी त्याच्याकडेच गेली.

दादा शेडच्या मागे फाटलेल्या पिंजऱ्याला तार घालत बसला होता. तिने कागद पुढे धरला. अकरा तारखा, अकरा लांब्या. दादाने पक्कड खाली ठेवली, चष्मा वर केला आणि कागद दोनदा वाचला.

“कोणाला बोललीस?”

“तुलाच पहिल्यांदा.”

“बरं केलंस, छोटे.” सत्तेचाळीस वर्षांच्या बहिणीला छोटी म्हणणारा आता जगात तो एकटाच उरला होता. “कोणाच्या खोक्यातून आल्या, कळतं का?”

“नाही ना. सकाळी खोकी गोणपाटाखाली झाकलेलीच काट्यावर चढतात आणि सगळी एकाच हौदात रिकामी होतात. माझ्या हाताला लागतात त्या दुपारी.”

“म्हणजे तेविसांपैकी कोणीही.”

“बाविसांपैकी,” ती हसून म्हणाली. दादाही हसला.

तिने मग आपली युक्ती सांगितली. चामड्याला भोक पाडायचा चिमटा तिने मोच्याकडून आणला होता. उद्यापासून प्रत्येक लेकुरवाळीला खाच तर ती पाडेलच, शिवाय डावीकडच्या अगदी कडेच्या पाकळीत मुगाएवढं भोक पाडेल. चोर उजवी पाकळी कापेल, भोक तसंच राहील. मग हौदात आलेली ही आपलीच लेकुरवाळी, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल. आज फक्त संशय आहे.

“हुशार आहेस,” दादा म्हणाला. “फक्त वहीत लिहू नकोस. वही शेडमध्ये उघडी पडलेली असते, कोणीही चाळतं. तुझ्या-माझ्यात राहू दे.”

नऊ वर्षांत मुद्दाम वहीबाहेर ठेवलेली ती पहिली गोष्ट. मापवालीला ते जरा टोचलं. पण दादाचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तिने मान डोलावली.

पंधरा दिवस तिने भोकं पाडली. बादल्या आणून ठेवणारे घाईत असत. ते गेल्यावर ती पाठमोरी बसून चिमटा दाबायची. सव्वीस झाल्या. संध्याकाळी डोंगी वल्हवत खडकांपाशी जायची आणि एकेकीला पाण्यात सोडायची. शेवंड शेपटी आपटत मागे-मागे जाते, तोंड आपल्याकडे ठेवून, जणू निरोप देणारीवर तिचा विश्वास नाही.

दरम्यान धक्क्यावर बोलणं सुरू झालं होतं. पाकळ्यांची गोष्ट कशी फुटली ते मापवालीला कळेना. तिने तर तोंडातून ब्र काढला नव्हता. आधी ‘कोणीतरी कापतंय’ एवढंच होतं. मग ‘कोणीतरी’ला हळूहळू नाक-डोळे फुटले आणि तो चेहरा पाहुण्याचा निघाला.

पाहुणा बारा वर्षांपूर्वी लग्न करून इथे आला. सासऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचा पिवळा-पांढरा रंग जावयाला मिळाला. पहिल्या दिवशी कोणीतरी “पाहुणे, चहा घ्या” म्हणालं आणि तेच नाव पडलं. त्याच्या दोन मुली इथल्या शाळेत शिकत होत्या, सासऱ्याला शेवटचा खांदा त्यानेच दिला होता, तरी तो पाहुणाच. एका बुधवारी त्याच्या होडीच्या तळफळीखाली दोन वाळक्या पाकळ्या सापडल्या. फळी कोणी उचलली, का उचलली, हे कोणी विचारलं नाही. शुक्रवारी सभा ठरली. पाकळी कापणाऱ्याचा रंग एक वर्ष पाण्याबाहेर, हा नियमही नऊ वर्षांचाच होता. वापरायची वेळ आली नव्हती इतकंच. वर्षभर पिंजरे नाहीत म्हणजे होडी विकणं आलं, आणि होडी विकली की पाहुण्याला परत फिरायला ना हे गाव राहत होतं ना ते.

गुरुवारी सकाळी तो बादली घेऊन आला.

“रंग?” मापवालीने सवयीने विचारलं.

“उद्यापर्यंत तरी पिवळा-पांढरा,” पाहुणा म्हणाला. “परवाचं सभेला विचारा.”

तिने मान वर केली. तो हसत होता, पण दाढी दोन दिवसांची होती.

“तुम्ही पाकळ्या कापल्यात का?”

“ताई, बारा वर्षांत हे मला तोंडावर विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकी सगळे बायकोच्या मावशीला विचारतात.” त्याने बादली खाली ठेवली. “नाही कापल्या. आणि कापल्या असत्या तर त्या होडीत जपून ठेवल्या असत्या का? पाकळी म्हणजे काय पदक आहे?”

“मग आल्या कुठून?”

“तेच तर. फळीखाली मी स्वतः वर्षातून एकदा हात घालतो. ज्याने शोधल्या त्याला बरोबर कुठली फळी ते माहीत होतं. माझ्यापेक्षा माझी होडी त्याला जास्त कळते.” तो वळला, मग थांबला. “सभेत मला खुर्ची देतील का हो? बारा वर्षं मागे उभाच राहतोय. आरोपीला तरी बसायला देतात ना?”

मापवालीला हसू आलं आणि लगेच आपल्या हसण्याची लाज वाटली. दादा सभेत नीट चौकशी करेल, तिने स्वतःला समजावलं. दादा अन्याय होऊ देणार नाही.

त्याच दुपारी हौदातून तीन निघाल्या.

पहिलीला उजवीकडून दुसरी पाकळी नव्हती. तिने सवयीने डावी बाजू पाहिली. भोक दिसेल म्हणून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही लागलंच नाही. डावीकडची कडेची पाकळी मुळापासून कापलेली होती. तिने ती शेवंड ओल्या गोणपाटावर ठेवली आणि दुसरी घेतली. तीच गत. तिसरी मोठी होती, पाठीचं कवच हाताच्या वितीएवढं. दोन्ही पाकळ्या नव्हत्या. तिने तिला उलटी केली. शेपटीखाली अंडी चिकटून असतात त्या पिसांसारख्या पात्या तुटक-तुटक दोऱ्यांनी भरल्या होत्या. अंडी आपली आपण फुटली की रिकामी टरफलं राहतात, दोरे असे ओरबाडल्यासारखे तुटत नाहीत. कोणीतरी ब्रशने अंडी घासून काढली होती. आणि एका पातीच्या मुळाशी, ब्रशचे केस पोचत नाहीत अशा जागी, आठ अंडी शिल्लक होती. नारिंगी. अजून डोळेही न धरलेली.

तिने ती मोजली. नंतर पुन्हा मोजली. ती आठच होती, दोनदा मोजायचं काही कारण नव्हतं.

मग ती हौदाच्या कठड्यावर बसली.

खाच सगळ्यांना माहीत होती. खाच लपवणाऱ्याने उजवी पाकळी कापली असती आणि खूश झाला असता. भोक एखाद्याने पाहिलंही असेल. पण मुगाएवढं भोक खेकडाही पाडतो, त्यासाठी कोणी धडधाकट पाकळी मुळापासून कापून टाकत नाही. तीन-तीनदा तर नाहीच. ते भोक म्हणजे खूण आहे हे माहीत असलेल्यानेच डावी पाकळी कापली होती. आणि तिने सांगितलं होतं एकाच माणसाला. तिने त्याच्यासाठी सापळा लावला नव्हता. ती तर त्याच्याबरोबर मिळून सापळा लावत होती.

“बाविसांपैकी,” असं म्हणून ती हसली होती. तोही हसला होता. तिला आता त्याचं ते हसू आठवत होतं आणि त्यात काहीही वेगळं सापडत नव्हतं. तेच हसू. सायकल शिकवताना मागून सीट धरून पळायचा तेव्हाचं.

दादाचं घर धक्क्यापासून चार मिनिटांवर. वहिनी ओट्याशी कणीक मळत होती. “या वन्सं, बसा. चहा टाकते,” म्हणाली आणि नणंदेचा चेहरा पाहून हात धुवायला लागली. दादा टेबलापाशी होता, कपात साखर ढवळत.

“ब्रश कुठला वापरतोस?” मापवालीने विचारलं.

चमचा थांबला.

“अंडी काढायला. कपड्यांचा की होडी घासायचा? कारण आठ राहिली आहेत.”

वहिनीने नळ बंद केला नाही. पाणी वाहतच राहिलं, आणि तेवढ्यावरून मापवालीला कळलं की वहिनीलाही माहीत होतं.

दादाने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिने भांडण केलं असतं. तो थकल्यासारखा म्हणाला, “बस आधी.”

“उभी बरी आहे.”

“व्यापाऱ्याला दर आठवड्याला वीस मोठ्या लागतात. बारीक त्याला नको आहेत. नऊ वर्षं आपण मोठी मादी दिसली की खाच पाडतोय, छोटे. आतल्या पाण्यात बिनखाचेची मोठी मादी उरलीय कुठे? नियम इतका चालला की विकायला काही राहिलं नाही. तो म्हणाला, गाडी पुढच्या बंदरावर नेतो. गाडी गेली तर तेवीस होड्यांनी धरलेलं काय घरी बसून बघायचं? मी माझ्या एकट्यासाठी केलं का?”

“मग सभेत मांडायचं. मोठ्यांसाठी नियम बदलू म्हणायचं. मी आकडे दिले असते तुला.”

“आणि कागद? तो कागद तुझ्या वहीवर उभा आहे. खाचवाल्यांना हात लावतात म्हटल्यावर सरकार आतलं पाणी मोठ्या बोटींना उघडं करील. तू ह्या तीन लिहिल्यास ना, तरी करील.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. तिचीच वही तिच्या तोंडावर धरून तो उभा होता.

“पाहुण्याच्या होडीत पाकळ्या कोणी ठेवल्या?”

दादाने पुन्हा चमचा हातात घेतला.

“दादा, त्याला दोन मुली आहेत.”

“तो बाहेरचा आहे. कुठेही पोट भरेल. आपल्यातल्या कोणाचं नाव घेतलं असतं तर धक्का फुटला असता.” मग म्हणाला, “तू तो कागद घेऊन आलीस. सोडणार नव्हतीस. कोणाचं तरी नाव लागणारच होतं.”

म्हणजे हे खापरही तिच्यावरच.

तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं नाही. ती शास्त्राच्या तासाला शिकली होती की मोजमाप चुकलं तर आधी आपलं साधन तपासावं. नऊ वर्षं ती सगळं दादावरून मोजत आली होती. हा माणूस बरा की वाईट, ही गोष्ट योग्य की अयोग्य. साधनच वाकडं निघालं.

“उद्या सभेत तू स्वतः सांग,” ती म्हणाली. “पाहुण्याचं नाव निघायच्या आत. मी तोंड उघडणार नाही. शिक्षा काय ती ते ठरवतील. पण तू सांग.”

दादाने डोळ्यांवरून हात फिरवला. “सांगतो,” तो म्हणाला.

“नक्की?”

“सांगतो म्हटलं ना, छोटे.”

तिने विश्वास ठेवला. पुन्हा ठेवला.

शुक्रवारी दुपारी शेडमध्ये खोकी उलटी करून सगळे बसले होते. पाहुण्याला खरंच खुर्ची मिळाली, मोडक्या पाठीची. टेबलावर बशीत दोन वाळक्या पाकळ्या आणि शेजारी त्याचा एक पिवळा-पांढरा बोया. धक्क्यावर सगळ्यात जुना होडीवाला, जो कोणाचा सख्खा नव्हता म्हणून सगळ्यांचा मामा होता, पुढे बसला होता, काठीवर हनुवटी टेकून. मापवाली मागे हौदापाशी उभी राहिली. तिने दादाकडे पाहिलं. दादाने तिच्याकडे पाहून अगदी किंचित मान हलवली, आणि तिला हायसं वाटलं.

दादा उभा राहिला. नियम कसा आला ते बोलला, घरोघरी फिरल्याचं बोलला, बाळंतपणाचा किस्सा सांगितला, लोक हसले. त्याचा आवाज तसाच होता, भरीव, घरचा. “ह्या नियमाने आपल्याला पुन्हा उभं केलं,” तो म्हणाला, “आणि आपल्यातल्याच एकाने केसाने गळा कापला.”

आता, मापवालीला वाटलं. आता सांगेल.

दादाने बोया उचलला. “मला वाईट वाटतंय,” तो म्हणाला, “पण रंग बघून नियम बदलत नाही.”

पाहुणा खुर्चीतून उठू लागला. काही बोलायला नव्हे. हात कुठे ठेवावेत हे न कळून.

“थांबा,” मापवाली म्हणाली.

तिचा आवाज सभेत कोणी फारसा ऐकला नव्हता. सगळे मागे वळले. तिने हौदात हात घातला. कालच्या तिघी तिने वेगळ्या जाळीत ठेवल्या होत्या. सगळ्यात मोठी काढून ती पुढे आली आणि बशीच्या शेजारी टेबलावर उलटी धरली. शेवंड करकरली.

“उजवी पाकळी नाही, ते तुम्हाला माहीत आहे. आता डावी बघा. कडेची. तीही नाही. तिघींची नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी लेकुरवाळ्यांच्या ह्या पाकळीत एक भोक पाडायला लागले. चोरी पकडायला. वहीत लिहिलं नाही, माझी चूक झाली. ज्याने ही पाकळी कापली त्याला भोकाचं माहीत होतं.”

“भोक कोणीही पाहिलं असेल की,” मागून कोणीतरी म्हणालं.

“तुम्ही पाहिलंत?” तिने विचारलं. “पाहिलंत तर काय केलंत?”

“मी पाहिलं,” दुसरा एक कचरत म्हणाला. “मला वाटलं खेकड्याने… सोडून दिली मी. खाच होती ना.”

“तेच. खूण आहे हे माहीत नसेल तर तिला कोणी कशाला कापेल?”

मामाने हनुवटी काठीवरून उचलली. “पोरी, किती जणांना सांगितलं होतंस?”

“एकाला.”

“ह्याला?” मामाने काठीने पाहुण्याकडे खूण केली.

“भोकाचं मला आत्ता कळतंय,” पाहुणा म्हणाला. “मला इथे सगळं शेवटीच कळतं.”

कोणी हसलं नाही. मामा मापवालीकडेच बघत होता. तिने भावाकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून तो बोया होता. तिने मनात दहापर्यंत आकडे म्हटले. अजूनही तो बोलला असता तर तिने खाली बघितलं असतं. दादा तिच्याकडे असा बघत होता की जणू दगा तिने दिला होता.

“दादाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “फक्त दादाला.”

शेडच्या पत्र्यावर पक्ष्यांची नखं वाजत होती, ती ऐकू यायला लागली.

“घरातलं भांडण आहे हे,” दादा म्हणाला. पण भरीव आवाज कुठेतरी फाटला होता. “बहीण आहे माझी. तिला… तिला काम जास्त होतंय.”

“ह्या शेवंडीच्या पोटाखाली बघा,” मापवाली म्हणाली. “अंडी घासलेली आहेत. आठ राहिलीत.”

मामा उठला. त्याला वेळ लागला. त्याने वाकून शेवंडीच्या पोटाखाली पाहिलं, चष्मा नसल्याने नाक जवळजवळ टेकवून. मग दादासमोर हात पसरला. दादाने आधी समजून न समजल्यासारखं केलं, आणि मग बोया त्याच्या हातात दिला. मामाने तो पाहुण्याच्या मांडीवर ठेवला.

“बसून घे,” मामा म्हणाला. “खुर्ची मोडकी आहे, जपून.”

दादाने मग नाकारलं नाही. त्याचं पुढचं बोलणं बहुतेकांनी ऐकलं. व्यापारी, वीस मोठ्या, गाडी. काहींच्या माना हलल्याही; काहींना ते पटलंही असावं, कारण दर आठवड्याला ती गाडी त्यांच्याही खोक्यांसाठीच येत होती. एकाने विचारलं, “मग हे सरकारला कळवायचंच का?” मापवाली म्हणाली, “वहीत लिहिणार आहे. वही मागतील तेव्हा वही देणार.” तिच्याकडे काही डोळे रागाने बघत होते, हे तिने टिपलं. पाहुण्याची माफी कोणी मागितली नाही. सभा संपल्यावर सगळे घाईने उठले, कसलंसं काम आठवल्यासारखे. लाल रंग एक वर्ष पाण्याबाहेर, एवढं ठरलं, हात वर करून. मापवालीचाही हात वर होता.

त्या रात्री तिने वहीत अकरा आणि तीन लिहिल्या. भोकाची तारीख लिहिली, ‘मागाहून नोंद’ अशा शेऱ्यासह. कापणाऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं नाही.

सोमवारी सकाळी धक्क्यावर नेहमीची रांग होती. पाण्याबाहेर गेलेल्या रंगाचे बोये शेडमध्ये जमा करायचे आणि मापवालीने ते नोंदून घ्यायचे, असंही नऊ वर्षांपूर्वीच ठरलं होतं. दादानेच सुचवलं होतं, हक्क परत मिळताना वाद नको म्हणून. रांगेतली पावलं तिने ओळखली. पेन कागदावर टेकलेलं होतं, पण त्यातून काही उतरलं नाही.

जाळीत बांधलेले चाळीस लाल बोये टेबलाशेजारी जमिनीवर पडले. एक निसटून घरंगळत तिच्या पायापाशी आला. तिने तो उचलून ढिगावर ठेवला आणि वहीचं नवं पान काढलं.

“रंग?” तिने विचारलं.

तिने मान वर केली नव्हती. तिला त्याचे बूट दिसत होते, डाव्याच्या टाचेला गेल्या वर्षी तिनेच आणून दिलेलं ठिगळ.

“तुला माहीत नाही?” दादा हळूच म्हणाला.

ती थांबून राहिली. मागे बादलीत एक शेवंड शेपटी आपटत होती. पाहुण्याचा नंबर पुढचा होता आणि त्याच्याकडे लेकुरवाळी होती.

“लाल,” दादा म्हणाला.

तिने लिहिलं.